फुप्फुसातलं बिऱ्हाड

४ फेब्रुवारी

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून मामाला एकदम पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं वाटेल तुला. घरून फोन केला तर तुझी मामी ऐकते. डोळे गेल्यापासून तिचे कान इतके तिखट झालेत, की शेजारी कुणी हळू आवाजात भांडलं तरी चूक कुणाची ते ती सांगते. दुकानातून करावा तर गिऱ्हाइकं कान टवकारतात. म्हणून दोन वजनकाटे दुरुस्तीला आलेले बाजूला सारून लिहायला बसलोय. उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

त्याचं असं झालं. महिनाभर खोकला होता, त्यातून थोडं रक्त पडलं. थोडं म्हणजे चमचाभर. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढायला लावला. सव्विसाव्या वर्षी मला टीबी झाला होता हे तुला माहीत आहेच. तो बरा झाला, पण जाताना उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी ठेवून गेला म्हणे. आणि आता त्या पोकळीत बुरशीचा गोळा आहे!

मी विचारलं, "बुरशी म्हणजे पावावर येते ती?"

डॉक्टर म्हणाले, "तिची चुलत बहीण समजा."

आता तू त्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत दिवसभर बुरशीच बघत बसतेस, तर तुलाच विचारतो. ही आत शिरली कशी? खाते काय? गोळा जिवंत असतो की मेलेला? आणि वजन किती असेल त्याचं? हसू नकोस. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? ते कापून काढायची भाषा करतायत. काटा खोटं का बोलतो ते उघडल्याशिवाय कळत नाही, हे मीच लोकांना सांगत आलो. आता मलाच उघडायचं म्हणतात तर जरा गंमतच वाटतेय.

मामीला यातलं काही माहीत नाही. कळूही द्यायचं नाही.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,
नमस्कार.

गंमत वाटतेय तुला! पत्र वाचून माझा चहा गार झाला. पण प्रश्न विचारलेस तर उत्तरं देते.

ही बुरशी हवेत असते. तिचे बीजाणू, म्हणजे बियाच समज, आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. धडधाकट फुप्फुस त्यांना झाडून बाहेर काढतं. तुझ्या पोकळीत मात्र केर काढणारं कुणीच नाही. ऊब आहे, ओल आहे, आणि घरमालक तीस वर्षं फिरकलेला नाही. मग बिऱ्हाड थाटायला कितीसा वेळ? बुरशीचे धागे, कफ, मेलेल्या पेशी असं सगळं एकमेकांत गुंतून गोळा होतो. बाहेरचे धागे जिवंत, आतले बरेचसे मेलेले.

तो तुला खात सुटलेला नाही. धोका आहे तो पोकळीच्या भिंतीचा. तिथे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्यातली एखादी फुटते. औषधाच्या गोळ्यांनी का जात नाही, हे तू पुढच्या पत्रात विचारशीलच. औषध जातं रक्तातून, आणि गोळ्याला रक्तपुरवठाच नसतो. औषध दारापर्यंत पोचतं, आत जात नाही. म्हणून सर्जनची गरज पडते.

आता माझे प्रश्न. चमचाभर म्हणजे कुठला चमचा? आणि किती वेळा? मी रोज आकड्यांशी खेळते मामा, मला मोघम सांगू नकोस.

मामीला न सांगण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. पण आत्ता गप्प बसते.

तुझी,
ठमी


१७ फेब्रुवारी

चि. ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुकानाची मागची ओलसर भिंत घासून चुना लावला, तेव्हा आठवलं की तू हवेत म्हणाली होतीस, भिंतीत नव्हे. असो, भिंत तरी साफ झाली.

एक नवल सांगतो. त्यांनी माझा स्कॅन पुन्हा काढला, या वेळी पालथं झोपवून. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. मी उताणा असताना गोळा पाठीकडे होता, पालथा झालो तर महाशय छातीकडे! मी कूस बदलली की तोही बदलतो. आता रोज अंथरुणात वळताना मी थांबून बघतो, काही गडगडल्यासारखं वाटतं का. काही वाटत नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहून ओळख म्हणून नाही.

सर्जन एक बाई आहेत. बुटक्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी मला एका नळीत जोर लावून फुंकायला लावलं आणि आकडा बघून नाक मुरडलं. मग स्वतः सोबत येऊन जिना चढायला लावला. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरला. त्या म्हणाल्या, "हं, कळलं." काय कळलं ते मी विचारलं नाही.

चमचा वाढायचा होता. किती वेळा ते मोजलं नाही.

ऑपरेशन पुढे ढकललंय. भीती वाटते म्हणून नव्हे. मामीच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब मीच घालतो. कपडे कुठले, पायरी कुठे, दूध उतू जातंय का, सगळं मीच बघतो. मी पंधरा दिवस हॉस्पिटलात पडलो, किंवा उठलोच नाही, तर तिनं काय करायचं? तेव्हा चाललंय ते चालू दे.

तुझा मामा


२० फेब्रुवारी

चि. ठमी हीस,
आशीर्वाद.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. सव्वीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट होते, तेव्हाही बटणांकडे बघत नव्हते. बोट एक घर सरकलं तर अख्खी ओळ बिघडते, तेवढं समजून घे. हे मी दुपारी करतेय. तुझा मामा दुकानात आहे. पाकिटावर पत्ताही टाइप केलाय, शेजारीण पेटीत टाकेल.

तुझा मामा आजारी आहे आणि मला सांगत नाही. कसं कळलं म्हणशील तर ऐक. तो बेसिनपाशी गार पाण्याने रुमाल धुतो. भर थंडीत, गरम पाण्याचा नळ शेजारी असताना. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो, गार पाण्याने जातो, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याला हे कधीपासून कळायला लागलं? दोरीवरचे रुमाल मी हाताने मोजते. कालचे सहा होते. आणि त्याने मिठी मारली की शर्टाला लोखंडासारखा वास येतो.

मला वाटतं त्याला कॅन्सर झालाय. माझे वडील त्यानेच गेले, असाच खोकला होता. मी विचारत नाही, कारण मला कळू नये म्हणून तो इतकी धडपड करतोय की ती मोडायला जीव धजत नाही. मी आपली काही माहीत नसल्यासारखी वागते.

तू हॉस्पिटलात आहेस. त्याचे किती दिवस उरलेत, एवढं खरं सांग. दुपारी तीनला फोन कर, तेव्हा मी एकटी असते. मी विचारलं हे त्याला कळू देऊ नकोस.

तुझी मामी


२५ फेब्रुवारी

प्रिय मामा आणि मामी,
दोघांनाही एकाच पाकिटातून नमस्कार.

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर टाकतेय. मामा, हे मामीला मोठ्याने वाचून दाखव. मामी, पत्र दोन पानांचं आहे. त्याने एकाच पानात संपवलं तर समज.

मामा, तुझं गुपित मामीला कधीचं माहीत आहे. ती तुझे रुमाल मोजते. मामी, मामाला कॅन्सर नाही. जुन्या टीबीच्या पोकळीत बुरशीचा गोळा झालाय आणि त्यामुळे रक्त पडतं. तुम्ही दोघं एकमेकांना जपण्याच्या नादात एकजण खऱ्याहून मोठं दुखणं मनात घेऊन बसलीय आणि दुसरा खरं दुखणं अंगावर काढतोय. मी मधल्यामध्ये दोन्हीकडची पोस्टमन. हे काम मला जमणार नाही.

दोघांचाही विश्वास मोडला. रागवायचं तर रागवा, पण आधी सर्जनबाईंकडे जा. दोघं मिळून जा. मामी, तुला जे विचारायचं ते तिथे विचार. मामाने त्यांना "काय कळलं?" एवढंही विचारलेलं नाही.

तुमची,
ठमी


७ मार्च

चि. ठमे,

हॉस्पिटलातून लिहितोय. घाबरू नकोस, बसून लिहितोय.

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. "रुमाल मोजते" या ओळीपाशी मला खोकला आला. खरा नव्हे. ती शांतपणे म्हणाली, "पान उलटा." उलटलं. सगळं वाचून झाल्यावर तिने पानं हातात घेऊन मोजली. मग म्हणाली, "बुरशी? नक्की बुरशीच ना?" आणि ठमे, ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. म्हणाली, "मी काय काचेचं भांडं आहे, फडताळात ठेवून कुलूप घालायला?"

दोघं सर्जनबाईंकडे जायचं ठरलं. पण त्याआधीच, एक तारखेला, जेवण झाल्यावर ताटं उचलताना मला उबळ आली आणि या वेळी चमचा नाही, वाडगा भरला. मी जमिनीवर बसलो. मामीने खोकल्याच्या आवाजावरून माझी जागा ओळखली, मला उजव्या कुशीवर वळवलं, भिंतीला हात लावत फोनपर्यंत गेली आणि रुग्णवाहिका बोलावली. पत्ता, मजला, "जुना टीबी, पोकळीत बुरशी, रक्ताची उलटी नाही, खोकल्यातून रक्त," असं घडाघडा सांगितलं, जसं काही कुणी मजकूर देतंय आणि ती टाइप करतेय. मग दार उघडून जिन्यात शेजारणीला हाक मारली. ही बाई एकटी राहिली तर तिचं कसं होईल, म्हणून मी ऑपरेशन ढकलत होतो!

इथे त्यांनी जांघेतून एक बारीक नळी आत घातली आणि छातीपर्यंत नेऊन रक्त सांडणाऱ्या वाहिन्या बुजवल्या. मी जागा होतो, पडद्यावर बघत होतो. झाडाच्या फांद्यांसारखं दिसतं, आणि मग एकेक फांदी दिसेनाशी होते. बघण्यासारखं होतं. पण हा तात्पुरता बांध आहे म्हणतात. वाहिन्या पुन्हा वाट काढतात.

मग सर्जनबाई आल्या. मामीने विचारलं, "त्या दिवशी जिन्यात तुम्हाला काय कळलं?"

"हेच, की फुप्फुसाचा तो भाग सबंध कापून काढला तर उरलेल्यावर यांचं भागणार नाही. दोन्ही बाजू टीबीने आधीच खाल्ल्यात."

"मग?"

"मग पोकळी उघडायची, गोळा काढायचा, आत धुऊन साफ करायचं. पण जागा रिकामी ठेवली तर नवीन बिऱ्हाड येणार. म्हणून पाठीवरचा एक रुंद स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, आत वळवून पोकळीत भरायचा."

मी म्हटलं, "म्हणजे माझाच भाग माझ्यातच हलवायचा?"

"हो. उजवा हात पूर्वीसारखा जोर धरणार नाही. मणामणाची वजनं उचलायची नाहीत."

मामी म्हणाली, "आणि जिवाचं?"

बाईंनी आवाज खाली आणला, पहिल्यांदाच. "अशा वीस जणांत एखादा आम्ही गमावतो. काही केलं नाही तर पुढच्या वेळी रुग्णवाहिका वेळेत येईल, याची खात्री मी देत नाही."

मामीने माझा हात चाचपून धरला. सोळा तारीख ठरली.

तुझा मामा


११ मार्च

प्रिय मामा, मामी,

माझ्या विभागातली दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे, मला निघता येत नाही. आई चौदाला पोचतेय. ती स्वयंपाकघराचा ताबा घेईल, तिला घेऊ द्या.

तुमच्यापासून मीही एक गोष्ट लपवली होती. गेल्या वर्षी एका माणसाच्या कफाचा नमुना माझ्याकडे आला होता. अशीच बुरशी. सातव्या दिवशी, नमुना वाढायला ठेवलेल्या काचेच्या बशीत हिरवट रंग धरला, मी अहवाल लिहिला, वरच्या मजल्यावर घेऊन गेले. पलंग रिकामा होता. आदल्या दिवशी तो माणूस रक्त पडून गेला होता. त्यानेही ऑपरेशन ढकललं होतं, मुलीच्या परीक्षेसाठी. मामा, तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला तोच पलंग दिसला. आधीच सांगितलं असतं तर तू घाबरला असतास, म्हणून बुरशीच्या गमतीजमती सांगत बसले. तेव्हा मामीच्या गुद्द्यातला अर्धा मलाही लागू आहे.

सोळाला मी दिवसभर फोनजवळ आहे.

ठमी


३० मार्च

चि. ठमी हीस,
आशीर्वाद.

फोनवर तुला तुटक तुटक कळलंय. आता घरी थोडा वेळ मिळालाय तर नीट लिहिते.

पाच तास लागले. सर्जनबाई बाहेर आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांच्या अंगाला साबणाचा वास होता. म्हणाल्या, "गोळा निघाला. सगळं आत चिकटलेलं होतं, नखाने सोडवावं तसं सोडवावं लागलं. रक्त बरंच गेलं, चार बाटल्या दिल्या. दोन बरगड्यांचा थोडा तुकडा काढलाय, स्नायूला वाट करून द्यायला." त्याच संध्याकाळी आत पुन्हा रक्त साचलं आणि त्याला परत आत नेलं. तुझी आई भिंतीकडे तोंड करून पुटपुटत उभी होती, आवाज भिंतीवरून परत येत होता. मी बोटांनी मांडीवर टाइप करत बसले होते, काय ते आठवत नाही. दीड तासाने बाहेर आणला. मग दोन दिवस यंत्रावर श्वास.

पुढचं तुझ्या कामाचं. त्याच्या बरगड्यांतून एक नळी निघत होती आणि खाली पाण्याच्या बाटलीत बुडत होती. फुप्फुसातून हवा गळत असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. तो आवाज मी तासन्‌तास ऐकला. पहिल्या दिवसांत पाणी उकळल्यासारखा, मग श्वास सोडताना फक्त, मग बोलताना. दहाव्या दिवशी मी नर्सला म्हटलं, "आता नुसता खोकल्यावर येतो, तोही एकच." ती म्हणाली, "तुम्हाला दिसतं?" मी म्हटलं, "नाही हो, ऐकते." तेव्हापासून फेरीला आल्या की सर्जनबाई आधी मलाच विचारतात, "काय म्हणतेय बाटली?" तेराव्या दिवशी, म्हणजे काल, बाटली काहीच म्हणाली नाही. आज नळी काढली.

माझ्या डोळ्यांत थेंब मी स्वतः घालते. पहिले दोन दिवस गालावर पडले. आता चुकत नाहीत.

तो तुला विचारायला सांगतोय, वजन किती होतं.

तुझी मामी


६ एप्रिल

प्रिय मामा, मामी,

बावीस ग्रॅम.

तुमच्या हॉस्पिटलने नमुन्याचा एक तुकडा आमच्याकडे पाठवला. मी विनंती केली होती, सरांनी परवानगी दिली. सोबतच्या कागदावर अख्ख्या गोळ्याच्या वजनाखाली लिहिलं होतं: करडा-तपकिरी, ठिसूळ, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा, आकाराने मोठ्या लिंबाएवढा.

मामा, तुला वाटेल मला किळस आली असेल. नाही आली. सूक्ष्मदर्शकाखाली धागे दिसले, ठरावीक अंतरावर पेरांसारखे आडवे पडदे, आणि प्रत्येक धाग्याला निमुळत्या कोनातून फाटा, त्याला पुढे आणखी फाटा. एका कडेला, जिथे त्याला हवा मिळत होती, तिथे बीजाणूंचं डोकं असलेले छोटे दांडे. एरवी छातीतल्या नमुन्यात ते सहसा दिसत नाहीत. सरांनी विद्यार्थ्यांना बोलावून दाखवले. कोणाचा आहे ते मी सांगितलं नाही. एक मुलगी म्हणाली, "किती सुंदर आहे!" आणि मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

पोकळीच्या भिंतीचा तुकडाही तपासला. बुरशी भिंतीत शिरलेली नव्हती. कॅन्सरचं काहीही नाही. मामी, हे वाक्य त्याला पुन्हा वाचायला लाव.

ठमी


१९ जून

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी मामी टाइप करतेय. माझा उजवा हात फार वेळ लिहिलं की भरून येतो. माझी तब्येत उत्तम आहे.

(उत्तम लिहिणार नाही असं मी त्याला म्हटलं. परवा जिना चढताना दोनदा थांबलात, ते सांगा. — मामी)

बरं, दोनदा थांबलो. पण चढलो. दुकान अर्धा दिवस उघडतो. गोदामातले मोठे काटे आता घेत नाही, ते दुसऱ्या कारागिराकडे पाठवतो. सोनारांचे आणि औषधवाल्यांचे लहान काटे माझ्याकडे आहेत, ते बसून होतात. बावीस ग्रॅमची वजनं तळहातावर ठेवून मी बघितली. अगदीच किरकोळ. इतक्याशा ऐवजाने एवढा गोंधळ घालावा!

आंघोळीच्या वेळी साबण लावताना पाठीला एका जागी खड्डा लागतो आणि छातीत कधी कधी ओढल्यासारखं होतं. सर्जनबाई म्हणतात, स्नायूला अजून वाटतंय की तो पाठीतच आहे. हात उचलला की तो आत आकसतो. मला हे भारी वाटतं. तुझ्या मामीला मुळीच वाटत नाही.

(तो हे सांगायला लागला की मी रेडिओ मोठा करते. — मामी)

आता मुख्य गोष्ट. मागच्या मंगळवारी सकाळी तोंड धुताना खोकला आला. थुंकलो तर त्यात लाल रेघ. केसाएवढी, बोटभर लांब. नळ तसाच चालू होता. एक हात आपोआप रुमालाकडे गेला.

(पुढचं मी लिहिते, तो थांबलाय. मी आतल्या खोलीत घड्या घालत होते. त्याने नळ बंद केला आणि मला हाक मारली. नुसती हाक नाही. "अगं, इकडे ये. रक्त पडलंय. थोडंच आहे, पण पडलंय." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ठमे. मी गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही आधी चहा करून घेतला आणि मग रिक्षा बोलावली. — मामी)

स्कॅन काढला. पोकळी भरलेली आहे, गोळा नाही. रेघ घशातून आली असावी, असं सर्जनबाई म्हणाल्या. असावी म्हणाल्या, आहे म्हणाल्या नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. बुरशी हवेत आहे आणि हवा तर घ्यायचीच आहे, तेव्हा अशा तपासण्या चालूच राहणार. मी विचारलं, "पुन्हा रेघ दिसली तर?" त्या म्हणाल्या, "तर आज जसे आलात तसेच या. दोघंही."

तुझी रजेवरची मैत्रीण कामावर परत आली असेल तर आठ दिवस काढून ये. माझा नवा जिना-हिशेब तुला दाखवायचाय: तीन मजले, दोन थांबे, आणि वर पोचल्यावर बोलायला पुरेसा श्वास.

तुझा मामा

(बोलायला पुरेसा आहे, हे खरं. कालपासून गप्प बसलेला नाही. — मामी)